धागा: नाशिकहून थीम पार्कची ट्रिप करायची आहे, सोबत व्हीलचेअरवरचा मुलगा, ७ वर्षांची मुलगी आणि गुडघेवाल्या आजी

गोदा_इंदिरानगर
नमस्कार मंडळी, खूप दिवसांपासून लिहू लिहू म्हणत होते. आमचा मोठा ११ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूचा स्नायूंवर ताबा कमी असतो), बसायला आधार लागतो, बाहेर कायम व्हीलचेअर. बोलतो मोजकं पण समजतं सगळं आणि आवडीनिवडी एकदम पक्क्या. धाकटी ७ ची. तिच्या वर्गातलं कुणीतरी इमॅजिकाला जाऊन आलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मोठ्यानेही टॅबवर राइडचे व्हिडिओ बघून बघून पाठ केलेत, परवा मी स्वयंपाकघरातून बघते तर धाकटी त्याची खुर्ची मागून गदागदा हलवतीये आणि हा दोन्ही हात वर करून ओरडतोय, म्हणजे रोलर कोस्टर चाललंय त्यांचं. तेव्हाच ठरवलं की न्यायचंच.

पण धास्ती आहे मनात. दोन वर्षांपूर्वी एका वॉटर पार्कला गेलो होतो (नाव लिहीत नाही), गेटवरच सांगितलं खुर्ची आत नेता येणार नाही, फरशी ओली असते. मग ह्यांनी त्याला दिवसभर कडेवर वागवलं, तेव्हा तो २४ किलोचा होता. एकाही ठिकाणी बसू दिलं नाही, आम्ही आळीपाळीने त्याच्याजवळ सावलीत बसलो आणि तिकीट मात्र चौघांचं पूर्ण. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

तर कुठलं पार्क, किती दिवस, रस्ता कुठून आणि मुख्य म्हणजे टॉयलेटचं काय करता तुम्ही लोक? सासूबाई ६८ च्या आहेत, दोन्ही गुडघे दुखतात पण त्यांना पण यायचंय. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

सातपूरकर
ताई, मागच्या डिसेंबरला आम्ही दोन गाड्या घेऊन इमॅजिका केलंय. खोपोलीजवळ आहे, खोपोली-पाली रस्त्याला. पहिली गोष्ट, एका दिवसात जाऊन येऊ असं अजिबात धरू नका, आदल्या रात्री तिकडे मुक्काम पाहिजेच. पार्कला लागूनच मोठं हॉटेल आहे, महाग वाटलं तर खोपोली-लोणावळ्यात साधी हॉटेलं मिळतात.

रस्ते दोन. एक घोटी इगतपुरीकडून, समृद्धीचा शेवटचा टप्पा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ ला चालू झाला, ७६ किमी, त्यामुळे कसारा घाटाची कटकट गेली, इगतपुरीजवळचा बोगदाच जवळपास ८ किमीचा आहे, तुमच्या मुलाला फार आवडेल बघा. पण आमण्याला उतरलं की भिवंडी, कल्याण, पनवेल हे ट्रॅफिक चुकत नाही. दुसरा सिन्नर संगमनेर नारायणगाव करत चाकण, तळेगाव आणि मग एक्स्प्रेसवे, त्यात चाकणला संध्याकाळी सापडलात तर सापडलात. आम्ही समृद्धीने गेलो. टॉयलेट घोटीलाच उरकून घ्या, पुढे भरवसा ठेवू नका.

माझ्या मोठ्या भावाला डावा पाय गुडघ्याखाली नाही, जयपूर फूट वापरतो. त्याचं सांगतो म्हणजे अंदाज येईल. नायट्रो म्हणून जो मोठा कोस्टर आहे त्याला खाली फ्लोअर नाही, पाय अधांतरी लोंबकळतात. आता उलटा गोल फिरताना नकली पाय निसटला तर खाली कुणाच्या तरी डोक्यात बसणार, आणि पाय काढून बसायचं तर सीटवरचा सुरक्षेचा बार नीट बसतो का हा प्रश्न. तो स्वतःच नको म्हणाला. पण बाकी पाच-सहा ठिकाणी बसला आणि राजासॉरसच्या होडीत तर दोनदा. (हा डायनासोर खरोखर आपल्याकडचा, नर्मदेच्या खोऱ्यात हाडं सापडली होती, मुलांना सांगा.)

फिजिओ_मृ
मी कॉलेज रोडला प्रॅक्टिस करते, सीपीची (सेरेब्रल पाल्सीची) मुलं रोज बघते म्हणून लिहितेय, पण शेवटी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

राइडवाले नाही म्हणतात तेव्हा प्रत्येक वेळी ते मुलाला हिणवत असतात असं नसतं, काही वेळा कारण खरं असतं. जोरात वळणारी राइड शरीराला बारने धरते, पण डोकं धरायचं काम मानेचं असतं, आणि मांड्यांवर येणारा बार पाय घट्ट टेकवता येणाऱ्याच्या हिशोबाने केलेला असतो. आपल्या मुलांची मान दमली की डोकं एकदम पुढे पडतं. त्यामुळे झटके देणारं, उलटं करणारं सगळं यादीतून आधीच काढा. डाउन सिंड्रोमची मुलं असणाऱ्यांनीही वाचा, काही मुलांचे मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, कोस्टरच्या आधी डॉक्टरांकडून मान तपासून घ्या, एकट्या उंचीच्या पट्टीवर जाऊ नका.

याउलट हळू चालणारी होडी, ट्रॉलीत बसून अंधाऱ्या दालनांतून फिरायच्या डार्क राइड, कॅरोसेलमधला, म्हणजे गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या राइडमधला बाक (घोडा नाही, बाक), पडद्यावरचे शो, हे बहुतेकांना जमतं. कुशीला गुंडाळलेला टॉवेल लावा म्हणजे एका बाजूला कलणार नाही. उचलताना दोघांनी उचला, एकाने मागून काखेतून हात घालून त्याचेच हात छातीशी धरायचे आणि दुसऱ्याने मांड्यांखालून, एकट्याने कमरेतून वाकून उचलू नका, तुमची पाठ गेली तर पुढची दहा वर्षं कोण उचलणार त्याला.

आणखी एक महत्त्वाचं. फिटच्या गोळ्या चालू आहेत का? टोपिरामेट किंवा झोनिसामाइड असेल तर घाम कमी येतो, मूल उन्हात तापतं आणि कळत नाही. मे महिना अशा मुलांसाठी नकोच. लखलखणारे दिवे असलेले शोही आधी विचारून घ्या. आणि वॉटर पार्क करायचंच तर गार पाण्यात स्नायू जास्त आखडतात, दहा मिनिटं आणि बाहेर, कोरडे कपडे लगेच.

पाथर्डीफाटा
आमचा ९ वर्षांचा, ऑटिझम. व्हीलचेअर नाही त्यामुळे लोकांना दिसत नाही आणि तीच अडचण. राइडला घाबरत नाही, रांगेला घाबरतो. रेलिंगमध्ये पुढे माणसं मागे माणसं आणि स्पीकर, पंधराव्या मिनिटाला कान दाबून खाली बसतो, मग मागून कुणीतरी म्हणतंच की काय लाडावलंय. आम्ही आता असं करतो, मी एकटा रांगेत उभा राहतो, बायको त्याला घेऊन लांब झाडाखाली, नंबर जवळ आला की फोन. पण हे पण स्टाफला आधी सांगावं लागतं नाहीतर मागचे भांडतात. सकाळी गेट उघडायच्या आधी पोहोचायचं आणि त्याला जे सगळ्यात जास्त आवडतं ते पहिल्या तासात करून घ्यायचं, जेवण ११ वाजता म्हणजे फूड कोर्ट रिकामं. कानावर लावायचे मोठे मफ घ्या, कारखान्यात वापरतात तसले, हार्डवेअरच्या दुकानात मिळाले आम्हाला.

यूडीआयडी कार्डचं (सरकारी दिव्यांग ओळखपत्राचं) ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही म्हणणारे भेटतात.

मुंबईनाका_आई
लेकीला कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) आहे त्यावरून एक. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर अंगात स्टॅटिक वीज तयार होते आणि मशीनचा प्रोग्राम बिघडू शकतो, म्हणून बाहेरचं मशीन काढून ठेवायला सांगतात. म्हणजे स्लाइडवर तिला काहीच ऐकू येत नाही. आम्ही खुणा ठरवल्यात, हात वर म्हणजे ये, दोन्ही तळवे समोर म्हणजे थांब, आणि वर उभ्या असलेल्या स्टाफच्या मुलाला आधी जाऊन त्या दाखवते. आजपर्यंत एकानेही नाही म्हटलेलं नाही, उलट एका पोराने दिवसभर तिला तीच खूण करून सोडलं.

नाशिककर_ओहायोत
तिकडचं माहीत नाही पण इकडचं सांगतो, कुणी बाहेरची ट्रिप ठरवत असेल तर उपयोगी पडेल. फ्लोरिडाच्या डिस्नेमध्ये DAS (डिसेबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस) म्हणून सोय आहे, २०२४ पासून ती मुख्यतः ऑटिझम किंवा तसल्या विकासात्मक अडचणीमुळे रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे, आधी त्यांच्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोलावं लागतं. पाथर्डीफाटा, तुम्ही जे झाडाखाली करता तेच ते अधिकृतपणे करतात, ४० मिनिटांची रांग असेल तर तेवढ्या वेळाने या सांगतात, पुढे घुसवत नाहीत. व्हीलचेअरवाल्यांना वेगळा पास सहसा लागत नाही, बहुतेक रांगाच खुर्ची जाईल एवढ्या रुंद केल्यात.

पण मला सगळ्यात भावलं ते टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओचं मॉर्गन्स वंडरलँड. गॉर्डन हार्टमन नावाच्या माणसाने आपल्या मुलीसाठी बांधलं, २०१० ला उघडलं. तिला पोहायच्या तलावात दुसऱ्या मुलांशी खेळायचं होतं आणि ती मुलं पाण्यातून निघून गेली, ते बापाने बघितलं. तिथे अपंग व्यक्तीला तिकीटच नाही. खुर्चीसकट झोका आहे, खुर्चीसकट कॅरोसेल आहे. २०१७ ला शेजारी पाण्याचं पार्क केलं, त्यात पाण्यात न्यायला हवेच्या दाबावर चालणाऱ्या खुर्च्या आहेत कारण बॅटरीची खुर्ची भिजवता येत नाही. मी तिथे गेलो तेव्हा एक साठीच्या बाई खुर्चीसकट झोक्यावर होत्या, उतरायलाच तयार नव्हत्या.

मास्तर_पंचवटी
सर्वांचं वाचलं. मी स्वतः पोलिओचा, वय ७१, आधी कॅलिपर (पायाला आधाराची पट्टी) आणि कुबड्या, आता बारा वर्षं खुर्ची. शाळेत ३४ वर्षं गणित शिकवलं. शाळेच्या ट्रिपा जायच्या, अशा पार्कातही तीनदा गेलो. तिन्ही वेळा मी बॅगा सांभाळल्या. मुलं येऊन डबे घेऊन जायची, ओल्या चपला माझ्यापाशी ठेवायची, सर लक्ष ठेवा हं म्हणायची. कुणी वाईट वागलं नाही. कुणाच्या मनातच आलं नाही, आणि मीही विचारलं नाही. म्हणून ताई तुम्हाला हक्काने सांगतो, यादी करताना धाकटीपासून सुरुवात करू नका. आधी मोठ्याच्या चार गोष्टी ठरवा, त्यांच्या वेळा ठरवा, आणि मग मधल्या वेळात धाकटीच्या मोठ्या राइड बसवा. उलटं केलंत की संध्याकाळी त्याच्या वाट्याला बाक उरतो.

आता कायद्याचं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, कलम २९ संस्कृती आणि करमणुकीचं आहे, म्हणजे करमणूक ही मेहेरबानी नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचेच पाहिजेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. भांडायला जाऊ नका पण माहीत असू द्या, बोलताना आवाज बदलतो आपला.

फोनवर "व्हीलचेअरची सोय आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. आकडे विचारा. टॉयलेटच्या दाराची मोकळी रुंदी किती, माझी खुर्ची ६४ सेंटीमीटर आहे आणि पुष्कळ दारं ६० ची असतात. आत उंबरठा आहे का. रॅम्प असेल तर एक फूट चढायला बारा फूट लांबी आहे का, नाहीतर फळी टाकून त्याला रॅम्प म्हणतात. कुठल्या राइडला खुर्ची थेट शेवटपर्यंत जाते आणि कुठे जिना लागतो. जो माणूस "थांबा बघून सांगतो" म्हणेल त्याचं नाव लिहून घ्या, तोच कामाचा.

गोदा_इंदिरानगर
काका, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही. मी खरोखर धाकटीपासूनच यादी केली होती. आज फाडून टाकली. त्याला चित्रं काढून दिली, एकेका कार्डावर एकेक राइड, आणि निवडायला सांगितलं. त्याने होडी, डायनासोर (म्हणजे परत तीच होडी), उडत उडत भारत दाखवतात ते, आणि कॅरोसेल काढलं. डार्क राइडचं कार्ड दोनदा खाली टाकलं.

भगूरकर
एक सुचवू का, एकदम खोपोली गाठण्यापेक्षा आधी शिर्डीला ट्रायल घ्या. साईतीर्थ थीम पार्क आहे ना तिथे, सगळं आतमध्ये एसीत, बसून बघायचं. नाशिकहून ९० किमीच्या आसपास, सिन्नरवरून सकाळी निघून संध्याकाळी घरी. संगमनेरच्या मालपाणींचं आहे, इमॅजिकाही २०२२ पासून त्यांच्याकडेच. मुलगा मोठ्या आवाजाला काय करतो, सीटवर किती वेळ बसतो, तुमची पाठ किती वेळा उचलू शकते, सगळं कळेल. आजींचं दर्शन पण होईल. गुरुवार मात्र टाळा, बाबांचा वार, पाय ठेवायला जागा नसते.

फिजिओ_मृ
+१, फार छान आयडिया. घड्याळ लावून बघा किती वेळ नीट बसतो ते.

गोदा_इंदिरानगर
(तीन आठवड्यांनी)
जाऊन आलो मंडळी. बुधवारी गेलो. लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

सकाळी ६ ला निघालो, सिन्नरच्या पुढे एका हॉटेलात थांबलो, तिथे अपंगांच्या टॉयलेटची पाटी होती म्हणून आनंदाने गेले तर आत झाडू, फिनेलचे कॅन आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग. मालकाला बोलावून दाखवलं. पूर्वी मी गुपचूप गाडीच्या मागच्या सीटवर त्याला बदललं असतं, या वेळी काकांचं आठवलं आणि नीट शांतपणे सांगितलं, पाच मिनिटांत पोराने सगळं बाहेर काढलं आणि लादी पुसून दिली. येताना परत थांबलो तेव्हा रिकामंच होतं.

शिर्डीला पोहोचल्यावर आधी गेटवरच्या माणसाला मुलाची ओळख करून दिली, आमच्याबद्दल न बोलता त्यालाच बोलू दिलं. तो माणूस वाकून त्याच्या डोळ्यांसमोर आला आणि विचारलं, तुला काय बघायचंय. याने खिशातून कार्ड काढून दाखवलं (मी तिथलीही कार्डं केली होती). लंकादहन. मला वाटलं होतं तो देवळं बघत फिरायचं आहे ते निवडेल. लंकादहन म्हणजे सीट हलते, पाणी उडतं, आवाज मोठा. त्याला दचकायचा फार त्रास आहे, दार आपटलं तरी दोन्ही हात ताडकन वर जातात. मी म्हटलं नको, ह्यांनी म्हटलं त्याने निवडलंय.

दोघांनी मिळून उचललं, फिजिओ ताईंनी सांगितलं तसं, उजव्या कुशीला टॉवेलची गुंडाळी, कानावर मफ, आणि माझा हात त्याच्या छातीवर. पहिला धडाम आवाज झाला तेव्हा हात ताडकन वर गेले आणि माझ्या तळव्याखाली त्याचं काळीज नुसतं धडधडत होतं, मी मफ दाबले आणि त्याच्या कानाशी म्हटलं जाऊ या का बाहेर. त्याने मान हलवली, नाही. दुसऱ्या आवाजाला हात अर्धेच वर गेले. तिसऱ्याला त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता येणार आहे बघ. तोंडावर पाणी उडालं तेव्हा इतका जोरात हसला की पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी वळून बघितलं आणि त्याही हसायला लागल्या. सव्वा तास झाला तशी मान दमली, मग बाहेर सावलीत अर्धा तास खुर्ची मागे कलती करून आडवा ठेवला, तोवर धाकटी आणि तिचे बाबा दुसरं बघून आले. सासूबाईंचे गुडघे चाललेच नाहीत, त्यांच्यासाठीही व्हीलचेअर घेतली, आधी फार लाजल्या, मग दोघं आजी-नातू शेजारी शेजारी खुर्च्या लावून कुल्फी खात बसले.

चुकलं काय तर जेवण उशिरा झालं, कपड्यांचा फक्त एक जोड नेला होता, आणि परतीला सिन्नरला पोहोचेपर्यंत त्याचे पाय आखडले म्हणून दोनदा गाडी थांबवून ताणून दिले. खोपोलीला मुक्काम दोन रात्रींचा धरणार आहोत, एक दिवस पार्क आणि दुसऱ्या दिवशी नुसता आराम करून परत. जानेवारीतला मंगळवार. पार्कच्या लोकांशी फोनवर चारदा बोलले, आकडे विचारले, एका मुलीने खरंच टेप घेऊन जाऊन मोजून सांगितलं, नाव लिहून घेतलंय.

पाथर्डीफाटा
मंगळवारी आम्ही पण जमवतो बहुतेक. आमचा रांगेत नाही थांबणार पण तुमच्या मोठ्याच्या शेजारी झाडाखाली थांबेल, खुर्चीची चाकं त्याला प्रचंड आवडतात, आधीच सांगून ठेवतो हात लावेल.

गोदा_इंदिरानगर
लावू दे की, आमच्याकडे धाकटी दिवसभर हलवतच असते.
मास्तर काका, एक विचारायचं होतं. आम्ही मोठी गाडी भाड्याने करतोय, मागची सीट काढलेली. जागा आहे. होडीला खुर्ची अगदी शेवटपर्यंत जाते का ते विचारून घेतलंय, उचलायला आम्ही चौघं आहोत. तुम्ही याल का आमच्याबरोबर?

मास्तर_पंचवटी
येतो. माझं वजन ५८ किलो आहे, फिजिओ ताईंना विचारून घ्या चौघांत कसं उचलायचं. खुर्ची घडी होते, घडी केल्यावर ३० सेंटीमीटर. गाडी पंचवटीत आत येणार नाही, सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणलेत, मी द्वारका चौकात येऊन थांबतो. किती वाजता?